‘कॅलरींची किल्ली’ : एका जुन्या पुस्तकाची फेरतपासणी

वजन उतरवायचे असेल तर खाल्लेल्या अन्नाच्या कॅलरी मोजा, हा सल्ला आता इतका रुळला आहे की तो कधी कोणी पहिल्यांदा दिला असेल असे आपल्या मनातही येत नाही. मोबाइलवर जेवणाची नोंद ठेवणारी अनेक अ‍ॅप आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर आकडे छापलेले असतात. शाळांतूनही ‘आपला दिवसभराचा आहार कॅलरींमध्ये मांडा’ असा प्रकल्प मुलांना दिला जातो. या सगळ्याची मुळे शोधत गेलो तर आपण एका लहानशा, खेळकर पुस्तकापाशी येऊन पोहोचतो. ‘डाएट अँड हेल्थ, विथ की टू द कॅलरीज’ हे त्याचे नाव. अमेरिकेत १९१८ साली ते प्रसिद्ध झाले. लेखिका ल्यूलू हंट पीटर्स या लॉस एंजेलिसच्या डॉक्टर. पुस्तकाच्या सुमारे वीस लाख प्रती खपल्या आणि १९२४ व १९२५ या दोन्ही वर्षी कथा-कादंबऱ्या सोडून इतर पुस्तकांच्या खपाच्या अमेरिकन यादीत ते पहिले होते. आज ते स्वामित्वहक्कातून मुक्त आहे, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्या कोणाही शिक्षकाला ते मुळातून पाहता येते.

शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची समीक्षा आज कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की पुस्तक जुने झाले, पण त्यातला हिशेब जुना झालेला नाही. आजची अ‍ॅप तोच हिशेब अधिक वेगाने करतात, एवढेच. म्हणून त्यातले काय टिकले आणि काय पडले हे तपासले, तर शाळेतल्या त्या प्रकल्पाचे काय करायचे हेही ठरवता येईल.

प्रथम पुस्तकाविषयी. पीटर्सबाई स्वतः एके काळी २२० पौंड, म्हणजे जवळजवळ १०० किलो वजनाच्या होत्या आणि त्यांनी त्यातले ७० पौंड उतरवले होते. त्यामुळे लिहिण्यात उपदेशाचा सूर कमी आणि ‘मीही यातून गेले आहे’ हा सूर जास्त. पुस्तकातली काडीमाणसांची चित्रे त्यांच्या दहा वर्षांच्या भाच्याने काढलेली आहेत आणि ती वर्गातल्या वहीच्या शेवटच्या पानावर शोभतील अशी आहेत. कॅलरी या शब्दाचा उच्चार कसा करायचा हेही त्यांना सांगावे लागले, कारण सामान्य वाचकाला तो शब्दच नवा होता. यापुढे पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असे त्या वाचकाला बजावतात.

काळ पहिल्या महायुद्धाचा होता. पुस्तक अर्पण केले आहे हर्बर्ट हूवर यांना. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले हूवर त्या वेळी अमेरिकेच्या अन्नपुरवठ्याचे प्रशासक होते. अशा काळात अंगावर चरबी बाळगणे म्हणजे देशाचे अन्न दडवून ठेवणे, असे पीटर्सबाई अर्धवट थट्टेने मांडतात. वजन कमी करणाऱ्या बायकांच्या मंडळांना त्यांनी जर्मनीच्या कैसरविरोधी वर्ग असे नाव दिले होते. भूक सोसली की कुठल्या तरी उपाशी मुलाला घास मिळतो आणि आपले वजनही उतरते, अशी दोन पुण्ये त्या एकदम पदरात टाकतात. थट्टा म्हणून हे खपून जाते. पण जाडी म्हणजे नैतिक दोष आणि भूक म्हणजे प्रायश्चित्त, ही जोडी त्यानंतरच्या आहारविषयक लिखाणातून गेलेली नाही. पुस्तकावरचा हा माझा पहिला आक्षेप. (आपल्याकडे उपासाला पुण्याशी जोडण्याची परंपरा फार जुनी आहे, मात्र साबुदाण्याच्या खिचडीमुळे कॅलरींचा हिशेब तिथे बिघडत नाही असे म्हणवत नाही.)

आता मुख्य गोष्ट, हिशेब. पीटर्सबाईंनी वजन उतरवणाऱ्यांना दिवसाला १२०० कॅलरींची मर्यादा सांगितली. पुस्तकात पदार्थांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येक पदार्थाचे किती माप म्हणजे १०० कॅलरी, असे त्यात दिले आहे. शंभराच्या मापाची ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. येल विद्यापीठातील आयर्विंग फिशर यांनी ती १९०६ साली सुचवली होती, आणि फिशर हे अर्थशास्त्रज्ञ होते. ही गोष्ट मला बोलकी वाटते. पैशाप्रमाणेच अन्नालाही एक चलन असावे, म्हणजे केळे आणि लोणी यांची एकाच वहीत बेरीज करता येईल, असा तो विचार होता.

पण हे चलन आले कोठून? पुस्तकातली कॅलरी म्हणजे खरे तर किलोकॅलरी, म्हणजे एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता. आपल्या भौतिकीच्या पुस्तकातली कॅलरी हिच्या हजारावा भाग. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, तेव्हा हे आधीच सांगून टाकलेले बरे. अन्नातली ऊर्जा मोजण्याचे काम अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले. कनेक्टिकट राज्यातील वेस्लियन विद्यापीठात त्यांनी आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांनी माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली बांधली. आतल्या माणसाने काय खाल्ले, किती उष्णता बाहेर टाकली, किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे सारे त्यात मोजले जाई. प्रथिनांच्या व पिष्टमय पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमला ९ किलोकॅलरी, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतले आकडे त्यांच्याच कामातून आले.

यातला ४ हा आकडा कसा आला ते समजून घेण्यासारखे आहे. प्रथिने प्राणवायूने भरलेल्या पोलादी भांड्यात पूर्ण जाळली तर दर ग्रॅमला सुमारे ५.६५ किलोकॅलरी मिळतात. पण शरीर प्रथिने पूर्ण जाळत नाही. त्यातला नायट्रोजन यूरियाच्या रूपाने लघवीतून बाहेर जातो आणि त्याबरोबर ग्रॅममागे सुमारे सव्वा किलोकॅलरी जाते. उरतात ४.४. शिवाय खाल्लेले सगळे पचत नाही. मिश्र आहारात प्रथिनांचा सुमारे ९२ टक्के भाग शोषला जातो. म्हणून अखेर ४. म्हणजे कोष्टकातला आकडा हा पदार्थाचा अंगभूत गुण नसून ‘पदार्थ आणि सरासरी माणसाचे आतडे’ या जोडीचा आहे. अ‍ॅटवॉटर यांनी तो सरासरी म्हणूनच काढला होता. पीटर्सबाईंच्या यादीत येईपर्यंत त्यातली सरासरी गळून गेली आणि उरला तो नुसता आकडा.

शेंगदाणा टाचणीला लावून पेटवायचा आणि त्याच्या ज्योतीवर परीक्षानळीतले पाणी तापवायचे, हा प्रयोग अनेक शाळांतून होतो. अर्धा ग्रॅम शेंगदाण्यात कोष्टकाप्रमाणे सुमारे २.८ किलोकॅलरी असतात. ५० मिलिलिटर पाण्याचे तापमान त्याने ५६ अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात वाढ बरीच कमी दिसते, कारण बरीचशी उष्णता हवेत जाते. मुले याला प्रयोग फसला असे म्हणतात. पण हीच संधी साधून विचारावे : आपण शेंगदाणा खाल्ला तर त्यातली सगळी ऊर्जा आपल्याला मिळते का? बदामावर हा प्रश्न तपासला गेला आहे. अमेरिकेच्या शेती खात्यातील शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवून दिले की २८ ग्रॅम बदामांतून कोष्टकाप्रमाणे १७० किलोकॅलरी मिळायला हव्यात, पण माणसाच्या अंगी लागतात त्या सुमारे १२९. चावल्यानंतरही बदामाच्या अनेक पेशींच्या भिंती शाबूत राहतात आणि आतले तेल तसेच बाहेर पडते. तोच बदाम बारीक दळून त्याचे लोणी केले तर हिशेब बदलतो. पदार्थ एकच, पण तो कसा कुटला, दळला, शिजवला यावर आकडा हलतो.

आपल्या घरची गोष्ट घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची जुनी कोष्टके १०० ग्रॅम कणकेला ३४१ किलोकॅलरी देतात, तर त्याच संस्थेची २०१७ सालची नवी कोष्टके ३२०च्या आसपास. हा फरक लहान आहे. मोठा फरक स्वयंपाकघरात पडतो. एका घरी पोळीला २५ ग्रॅम कणीक लागते, दुसऱ्या घरी ४०. म्हणजे ‘एक पोळी’ एकीकडे ८० किलोकॅलरींची, तर दुसरीकडे सुमारे १३०ची. फोडणीला पळीभर तेल जास्त पडले तर आमटीच्या वाटीचा आकडा कोणत्याही अ‍ॅपला कळणार नाही. पाकीटबंद पदार्थांवरचा छापील आकडाही काटेकोर नसतो. अमेरिकेत तर प्रत्यक्षातल्या कॅलरी वेष्टनावरच्या आकड्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त असल्या तरी नियमभंग होत नाही.

याहून मोठी चूक असते ती नोंद करणाऱ्याची. न्यूयॉर्कमधील एका संशोधनात (१९९२) अशा माणसांना घेतले होते, की जी ‘आम्ही १२०० कॅलरींपेक्षा कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ असे सांगत. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च जड हायड्रोजन आणि जड प्राणवायू यांची समस्थानिके असलेले पाणी पाजून मोजला. हे पाणी शरीरातून कोणत्या वेगाने बाहेर पडते त्यावरून माणसाने किती ऊर्जा वापरली ते काढता येते, आणि त्याला फसवता येत नाही. चयापचय मंद असल्याचे काही दिसले नाही. दिसले ते असे की ही माणसे प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणे नोंदवीत होती आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. ती खोटारडी होती असे मात्र समजू नये. डब्यातून उचललेली शेवेची चिमूट, मुलाच्या ताटातला उरलेला घास, चहाबरोबरचे बिस्कीट, या गोष्टी कोणाच्याच डोक्यात ‘जेवण’ म्हणून शिरत नाहीत.

तरीही आकड्यातल्या चुका हा पीटर्सबाईंच्या हिशेबाचा गंभीर दोष नव्हे. चुका कमी करता येतात. गंभीर दोष आहे तो शरीराला बँकेचे खाते समजण्यात. पुस्तकात असे गणित मांडले आहे : गरजेपेक्षा रोज १००० कॅलरी कमी खाल्ल्या तर रोज ४ औंस चरबी जाईल, महिन्याला ८ पौंड आणि वर्षाला ९६ पौंड. गुणाकार ढोबळमानाने बरोबर आहे. पण तो वर्गात पुढे चालवून पाहा. ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम. ६० किलोचा माणूस या गतीने दीड वर्षाच्या आतच शून्य किलोचा होईल! कोणत्याही सहावी-सातवीच्या मुलाला कळेल की कुठे तरी चुकले आहे. चुकले ते हे, की खर्चाची बाजू स्थिर धरली आहे. वजन घटले की हलके शरीर हलवायला आणि जगवायला कमी ऊर्जा लागते. खर्चही घटतो आणि तूट आपोआप आकसत जाते.

आश्चर्य असे की हेच सरळ रेषेचे गणित १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की यांच्या लेखाने ‘एक पौंड म्हणजे ३५०० किलोकॅलरी’ या रूपात पक्के झाले आणि पुढे कित्येक दशके ते आहारतज्ज्ञांच्या तोंडी राहिले. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली त्याला दुरुस्ती सुचवली. त्यांच्या गणिती प्रतिरूपाप्रमाणे रोजच्या खाण्यात कायमचा २४ किलोकॅलरींचा बदल केला तर वजनात अखेर सुमारे एका किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पडायला सुमारे एक वर्ष लागते आणि जवळजवळ सगळा पडायला तीन वर्षे. रोज १०० किलोकॅलरी कमी करण्याची दोन्ही गणिते शेजारी मांडा. जुन्या हिशेबाने पहिल्या वर्षी पावणेपाच किलो आणि दहा वर्षांत ४७ किलो. नव्या हिशेबाने पहिल्या वर्षी सुमारे दोन किलो, आणि चार किलोंच्या आसपास गाडी थांबते. पहिल्या गणितावर विश्वास ठेवणारा माणूस सहा महिन्यांनी काट्यावर उभा राहतो आणि ‘माझाच निश्चय कमी पडला’ म्हणून सगळे सोडून देतो. त्याचा निश्चय पुरेसा होता. सूत्र चुकीचे होते.

शरीर एवढ्यावरच थांबत नाही. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे त्यांना शिकायचे होते. या तरुणांना दिवसाला सरासरी १५७० किलोकॅलरी मिळत आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालावे लागे. त्यांचे वजन चौथ्या हिश्श्याने घटले, विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जाखर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला, हातपाय गार पडू लागले, मन उदास झाले, आणि जेवणाखेरीज दुसरा विषय डोक्यात राहिना. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. आता १५७० आणि १२०० हे दोन आकडे एकत्र वाचा. ते धट्टेकट्टे तरुण होते, पीटर्सबाईंच्या वाचक बैठे काम करणाऱ्या, अंगावर भरपूर साठा असलेल्या बायका होत्या, हे मान्य. तरी उपासमारीच्या प्रयोगापेक्षाही खालचा आकडा सर्वांसाठी सरसकट सांगणे हे वैद्यकाला शोभत नाही. अलीकडे, २०१६ साली, वजन उतरवण्याच्या एका अमेरिकन दूरदर्शन स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनंतरची तपासणी प्रसिद्ध झाली. गेलेले बरेचसे वजन परत आले होते. पण विश्रांतीतील ऊर्जाखर्च मात्र अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच राहिला होता.

शरीराची गरज हा एक स्थिर आकडा नाही, हा मुद्दा महाराष्ट्राला नवा नसावा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा अंदाज केला तेव्हा माणशी रोजच्या २२५० कॅलरी हा मापदंड धरला होता. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सातारा जिल्ह्यातले, जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक राहिलेले आणि निवृत्तीनंतर पुण्यात काम करणारे सुखात्मे म्हणत, की एकाच निरोगी माणसाची गरजही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. तेव्हा सरासरीखाली असलेला प्रत्येक जण उपाशी, असे म्हणता येणार नाही. यावर सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी कडाडून प्रतिवाद केला : जुळवून घेणे फुकट होत नाही, त्याची किंमत मूल खुरटण्यात आणि माणसाची कामाची ताकद घटण्यात मोजावी लागते. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि मिनेसोटाचा प्रयोग दोघांच्याही बाजूने साक्ष देतो. शरीर जुळवून घेते, आणि त्याची किंमतही घेते. वाद गरिबीचा होता, पण सूत्र वजन उतरवणाऱ्यालाही लागू पडते.

पुस्तकातले आदर्श वजनाचे सूत्र तर आज वापरूच नये. पाच फुटांवरचा प्रत्येक इंच गुणिले साडेपाच, अधिक ११०, एवढे पौंड. म्हणजे पाच फूट दोन इंच उंचीला १२१ पौंड, सुमारे ५५ किलो. सूत्रात उंचीखेरीज काही नाही. नुसत्या वजन-उंचीवरून शरीराच्या आतले किती कळत नाही, याचे उत्तम उदाहरण पुण्याचेच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघा मधुमेहतज्ज्ञांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आला. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांनाही सारखेच गुण देतो.

एवढी टीका केल्यावर पुस्तकातले चांगले काय, असे वाचक विचारील. चांगले आहे, आणि ते थोडे नाही. पीटर्सबाईंनी चूर्णे, मालिशची यंत्रे, घाम काढणारे पट्टे यांच्या भरात सांगितले की आपल्या ताटात काय पडते याकडे पाहा. त्यांनी कोणताही पदार्थ पाप ठरवला नाही. मिठाई, केक, लोणी, साय, काय हवे ते खा, पण मोजून खा, असे त्या म्हणतात. वजन उतरल्यावरही सवय सोडता येणार नाही हे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि वजन टिकवण्यासाठी वेगळे प्रकरण दिले. आजच्या जाहिरातींत एवढा प्रामाणिकपणा क्वचितच आढळतो.

मात्र ‘मोजून काहीही खा’ यातला दुसरा अर्धा भाग पाळणे किती अवघड आहे हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. केव्हिन हॉल यांनीच २०१९ साली २० प्रौढांना महिनाभर संस्थेत ठेवून त्यांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे, घरी रांधता येईल असे अन्न दिले. दोन्ही प्रकारांत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी, चोथा सारखेच होते, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नाच्या दिवसांत ते तितकेच घटले. कोणीही काहीही मोजत नव्हते. याचा अर्थ कॅलरीचा नियम खोटा ठरला असा नाही, कारण वजन वाढले ते जास्त कॅलरींनीच. पण किती खायचे हे डोक्यातल्या बेरजेपेक्षा ताटातल्या पदार्थाने ठरवले. भुकेवर काम करणारी नवी औषधे वजन उतरवतात तीही याच वाटेने, माणसाला गणित न शिकवता.

मग वही ठेवावी की नाही? ठेवावी, असेच पुरावा सांगतो. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १७०० जणांवरील अभ्यासात रोज खाण्याची नोंद करणाऱ्यांचे वजन नोंद न करणाऱ्यांपेक्षा दुपटीने उतरले. अर्थात ज्यांचा निश्चय पक्का तेच रोज लिहितात, तेव्हा सगळे श्रेय वहीला देता येत नाही. तरी अशाच निष्कर्षाचे अनेक अभ्यास आहेत. आकडे ४७ टक्के चुकत असूनही वही उपयोगी कशी पडते? मला वाटते ते असे : वहीचे काम हिशेबाचे नाही, निरीक्षणाचे आहे. चारच्या चहाबरोबर रोज चार बिस्किटे जातात हे लिहिल्याशिवाय दिसत नाही. दिसले की माणूस दोनवर येतो किंवा त्याऐवजी फुटाणे घेतो. त्या बिस्किटांच्या कॅलरी १४० की १८०, याने काही बिघडत नाही. सवयीत बसेल असा एखादा लहान बदल वर्षानुवर्षे टिकतो. १२००ची शिस्त दोन महिनेही टिकत नाही. चेन्नईत केलेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या अभ्यासात (२००६) मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना घेतले होते. त्यांपैकी आहार आणि चालणे यांत बदल करणाऱ्यांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, तेही वजन फारसे न बदलता. काट्याकडेच पाहत बसले असते तर त्यांना आपण अपयशी ठरलो असेच वाटले असते.

राहता राहिला शाळेचा प्रश्न, आणि तिथे मला पीटर्सबाईंचे बोट सोडावेसे वाटते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची गरज १६६० किलोकॅलरी आहे, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलीची २४०० आणि त्याच वयाच्या मुलाची २८६०. वाढीचे वय म्हणजे हे आकडे. आठवीतल्या मुलीने कुठे तरी १२०० वाचले आणि तेच आपले लक्ष्य मानले तर ती गरजेच्या निम्म्यावर येते. मिनेसोटाच्या तरुणांचे जे झाले ते वाढत्या शरीरात होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही. आहाराच्या अतिरेकी नियंत्रणातून जडणारे मानसिक आजार बहुधा याच वयात सुरू होतात. तेव्हा वर्गात सर्वांसमोर वजन घेणे, वजनाचा तक्ता भिंतीवर लावणे, ‘तू किती कॅलरी खाल्ल्यास?’ असे विचारणे, हे थांबवावे. एखाद्या मुलाचे वजन खरोखर काळजी करण्यासारखे वाटले तर पालकांशी आणि डॉक्टरांशी खाजगीत बोलावे.

प्रकल्प मात्र रद्द करू नये, त्याचा रोख बदलावा. मुलांनी आपापल्या घरच्या एका पोळीचा किंवा भाकरीचा पिठाचा गोळा वजन करून आणावा आणि सगळ्या वर्गाच्या गोळ्यांची सरासरी व टोके काढावीत. एकाच पदार्थाचा आकडा दोन कोष्टकांत वेगळा का येतो ते शोधावे. घरात महिन्याला तेलाचे किती डबे लागतात त्यावरून माणशी रोजचे तेल किती ते काढावे. ते बहुतेक घरांत प्रत्येकाच्या अंदाजापेक्षा जास्त निघते. आठवडाभर काय काय खाल्ले याची यादी करावी, पण कॅलरींचा रकाना न आखता : भाजी कोणती, डाळ होती का, फळ होते का, पाकिटातले काय, आणि खाताना समोर टीव्ही किंवा मोबाइल होता का. ज्यांना गणिताची हौस आहे त्यांनी पीटर्सबाईंचा ९६ पौंडांचा हिशेब आणि हॉल यांचा २४ किलोकॅलरींचा नियम आलेखावर काढावा. एक सरळ रेषा खाली जात राहते, दुसरी वळून आडवी होते. दोन्ही रेषा एकमेकींपासून कितव्या महिन्यात ठळकपणे दूर जाऊ लागतात, ते मुलांनी आलेखावरून वाचावे.